कर्ता कोण, उत्तरदायी कोण?

'एजंट' हा शब्द मराठी माणसाला आता परका राहिलेला नाही. विमा उतरवायचा असो, परदेशी नोकरीसाठी व्हिसा काढायचा असो वा जागा भाड्याने घ्यायची असो, आपण एजंट गाठतो. त्याच्याही आधी आपल्याकडे अडत्या होता, दलाल होता, गुमास्ता होता, इस्टेटीचा कारभारी होता आणि कोर्टकचेरीच्या कामासाठी मुखत्यार होता. या सर्वांमध्ये एक गोष्ट समान आहे. काम त्यांच्या हातून होते, पण ते दुसऱ्या कोणाच्या तरी वतीने होते. मुखत्याराने सही केली तरी जमीन विकली जाते ती मालकाची. अडत्याने भाव ठरविला तरी माल शेतकऱ्याचाच असतो.

गेल्या तीसएक वर्षांत संगणकशास्त्राने हा शब्द आपलासा केला आणि आज तो रोज आपल्या कानांवर येत आहे. पत्रांना परस्पर उत्तरे देणारा, तिकिटे काढणारा, मालाची मागणी नोंदविणारा, नोकरीसाठी आलेल्या अर्जांची छाननी करणारा असा संगणकीय एजंट आता कार्यालयांतून आणि घराघरांतील दूरध्वनी-संचांतून वावरू लागला आहे. हा एजंट 'स्वायत्त' आहे, असे त्याचे निर्माते अभिमानाने सांगतात. स्वायत्त हा शब्द मोठा आहे. तो आपण राष्ट्रांविषयी, विद्यापीठांविषयी आणि माणसाच्या इच्छाशक्तीविषयी वापरत आलो आहोत. तो यंत्राला लावताना आपण नेमके काय म्हणत असतो? जे यंत्र आपल्या वतीने, पण आपल्याला न विचारता काम करते, त्या कामाचा कर्ता कोण? आणि त्यातून कोणाचे नुकसान झाले तर उत्तर कोणी द्यावयाचे? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

व्याख्येचा शोध

लॅटिन भाषेतील 'आगेरे' या क्रियापदापासून एजंट हा शब्द आला आहे. करणे, हाकणे, पुढे नेणे असे त्याचे अर्थ. त्यामुळे या एका शब्दात दोन अर्थ नांदतात. एक, जो कृती करतो तो, म्हणजे कर्ता. दुसरा, जो दुसऱ्याच्या वतीने कृती करतो तो, म्हणजे प्रतिनिधी. आपला सारा गोंधळ या दोन अर्थांच्या सरमिसळीतून निर्माण होतो.

संगणकशास्त्रज्ञांनी १९९० नंतरच्या दशकात या शब्दाची व्याख्या करण्याचा कसून प्रयत्न केला. मायकेल वुलड्रिज आणि निकोलस जेनिंग्ज यांनी १९९५ साली एजंटाची चार लक्षणे सांगितली. तो कोणाच्या थेट हस्तक्षेपाशिवाय काम करतो, इतर एजंटांशी वा माणसांशी संवाद साधतो, भोवतालच्या बदलांना प्रतिसाद देतो आणि केवळ प्रतिसादावर न थांबता उद्दिष्टाच्या दिशेने आपण होऊन पावले टाकतो. पुढच्याच वर्षी, १९९६ साली, अमेरिकेतील मेम्फिस विद्यापीठाचे स्टॅन फ्रँकलिन आणि आर्ट ग्रेसर यांनी नेमका मर्मावर बोट ठेवणारा प्रश्न विचारला : हा एजंट आहे की नुसतीच आज्ञावली? त्यांची कसोटी अशी की, एजंट एका परिस्थितीत वसलेला असतो, ती परिस्थिती टिपतो, तिच्यावर कृती करतो, हे दीर्घकाळ चालू ठेवतो आणि त्याच्या आजच्या कृतीचा परिणाम उद्या त्याला जे टिपता येणार आहे त्यावर होतो. हे सर्व तो आपला स्वतःचा कार्यक्रम पुढे नेण्यासाठी करतो.

त्यांची उदाहरणे साधी व उद्बोधक आहेत. पगारपत्रके तयार करणारी आज्ञावली आकडे घेते आणि आकडे देते. तिने काढलेल्या पगाराचा तिच्या पुढच्या कामावर सहसा काही परिणाम होत नाही, म्हणून ती एजंट नव्हे. मागितल्यावर शुद्धलेखन तपासून देणारी आज्ञावलीही एजंट नव्हे. परंतु आपण लिहीत असताना सतत नजर ठेवून जागच्या जागी चुका दुरुस्त करणारी आज्ञावली एजंट ठरू शकेल. याच व्याख्येने खोलीचे तापमान राखणारा थर्मोस्टॅटदेखील एजंटांच्या पंक्तीत येऊन बसतो, हे त्या दोघांनी प्रामाणिकपणे मान्य केले. थर्मोस्टॅटपासून माणसापर्यंत सर्वांना सामावून घेणारी व्याख्या शास्त्राच्या दृष्टीने सोयीची असेल. नीतीच्या दृष्टीने मात्र तिने काहीच सांगितलेले नसते. 'स्वतःचा कार्यक्रम' या दोन शब्दांत खरी मेख आहे. थर्मोस्टॅटचा कार्यक्रम स्वतःचा कसा? तापमानाचा काटा तर घरमालकाने फिरविलेला असतो!

दोरीची लांबी

या दृष्टीने मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या पॅटी मेस यांचे काम पाहण्यासारखे आहे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी टपाल हाताळणाऱ्या एका संगणकीय साहाय्यकाचे वर्णन केले. नवा कारकून साहेबाच्या मागे उभा राहून काम शिकतो, त्याप्रमाणे हा साहाय्यक मालकाची सवय पाहतो. कोणते पत्र तो लगेच वाचतो, कोणते फाईलला लावतो, कोणते टाकून देतो, हे टिपून ठेवतो आणि पुढे तसे पत्र आले की अंदाज बांधतो. अंदाजाची खात्री किती, याचा आकडाही तो काढतो. येथे मेस यांनी दोन उंबरठे कल्पिले. खात्री पहिल्या उंबरठ्याच्या वर गेली तर साहाय्यकाने फक्त सुचवावे. दुसऱ्याच्या वर गेली तर न विचारता काम करून टाकावे. हे दोन्ही उंबरठे किती उंच असावेत, ते मालकाने ठरवायचे.

संगणकीय स्वायत्तता म्हणजे काय, ते या दोन उंबरठ्यांतून स्वच्छ दिसते. ती मिळविलेली नसून दिलेली असते. दावणीच्या जनावराला धन्याने जितकी दोरी सोडली तितके त्याचे कुरण. १९९९ सालच्या मे महिन्यात अमेरिकेच्या नासा संस्थेने 'डीप स्पेस वन' या अंतराळयानाचे नियंत्रण काही काळ 'रिमोट एजंट' नावाच्या प्रणालीकडे सोपविले, तेव्हा दोरी फारच लांब होती. पृथ्वीवरून फक्त उद्दिष्टे कळविण्यात आली. त्यांच्या पूर्ततेची योजना यानावरील प्रणालीने स्वतः आखली. इतक्या दूरच्या यानाला पदोपदी पृथ्वीकडे विचारणा करीत बसणे परवडत नाही, म्हणून ही मोकळीक गरजेचीच होती. तरीही कोठे जायचे आणि का जायचे, हे त्या प्रणालीने ठरविलेले नव्हते.

आजचे एजंट याच्या पुष्कळ पुढे गेले आहेत. अफाट मजकुरावरून भाषेची वळणे शिकलेल्या प्रणालींवर ते उभे आहेत. 'अमुक तारखेला पुण्याला जाण्याची व्यवस्था कर' एवढे सांगितले की ते कामाचे टप्पे पाडतात, माहिती शोधतात, दर ताडून पाहतात आणि परवानगी दिलेली असल्यास पैसेही भरतात. यांच्या वागण्याची प्रत्येक ओळ कोणी लिहिलेली नसते. ते अनुभवातून घडलेले असते आणि म्हणून पुढच्या क्षणी ते नेमके काय करतील, हे त्यांच्या निर्मात्यालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. प्रश्न खरा बिकट होतो तो येथे. निर्मात्याने ती कृती योजली नव्हती, वापरणाऱ्याने ती सांगितली नव्हती. मग ती केली कोणी?

दोन घड्याळे

या प्रश्नाचा धागा जुना आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अ‍ॅक्विनस यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात, पशूंना निवड करता येते काय, असा प्रश्न घेतला. त्यांनी एका शिकारी कुत्र्याचे उदाहरण दिले आहे. हरणाच्या मागावर असलेला कुत्रा तिठ्यावर येतो. पहिली वाट हुंगतो, दुसरी वाट हुंगतो, दोहोंवर वास लागत नाही. तेव्हा तिसरी वाट न हुंगताच तो तिच्यावरून धावत सुटतो. जणू तर्कशास्त्राचा विद्यार्थीच! मग या कुत्र्याने विचार केला असे म्हणावे काय? संत थॉमस उत्तरतात की, येथे बुद्धी दिसते खरी, पण ती ज्याने कुत्र्याची घडण केली त्याची आहे. आणि दाखल्यासाठी ते घड्याळाकडे व माणसाने घडविलेल्या इतर यंत्रांकडे बोट दाखवितात. घड्याळाच्या हालचालीत सुसंगती असते, परंतु ती घड्याळजीच्या बुद्धीची सुसंगती होय.

सातशेहून अधिक वर्षांनंतर, १९९५ साली, स्ट्यूअर्ट रसेल आणि पीटर नॉर्व्हिग यांचे कृत्रिम बुद्धिमत्तेवरील प्रसिद्ध पाठ्यपुस्तक निघाले. गंमत अशी की स्वायत्ततेची व्याख्या करताना त्यांनीही घड्याळच हाती घेतले. समजा, घड्याळाचा मालक अमुक दिवशी ऑस्ट्रेलियाला जाणार हे कारागिराला आधीच ठाऊक होते आणि त्याने काटे त्या दिवशी आपोआप सरकतील अशी योजना करून ठेवली. तर घड्याळ बरोबर वेळ दाखवील, पण त्यातली हुशारी कारागिराची असेल. म्हणून, ज्या प्रमाणात एखाद्या प्रणालीचे वागणे तिच्या स्वतःच्या अनुभवातून ठरते त्या प्रमाणात ती स्वायत्त, असे त्यांनी म्हटले.

या दोन घड्याळांमध्ये आपला वाद नेमका उभा आहे. आजचे यंत्र अनुभवातून शिकते. म्हणजे संत थॉमसांचा दाखला बाद झाला काय? मला तसे वाटत नाही. अनुभवातून शिकण्याने वागणे बदलते, अनपेक्षितही होते. पण अनपेक्षितपणा म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. फासा कसा पडेल हेही आधी सांगता येत नाही. त्याच ग्रंथात संत थॉमस मानवी कृती आणि माणसाच्या हातून घडणारी कृती असा भेद करतात. विचारांच्या तंद्रीत आपण दाढी कुरवाळतो, ते माणसाचे करणे असले तरी मानवी कृत्य नव्हे. ज्या कृतीत हेतू हेतू म्हणून ओळखलेला असतो, तो योग्य की अयोग्य याचा विचार झालेला असतो आणि मग इच्छेने होकार दिलेला असतो, तीच मानवी कृती. इमॅन्युएल कान्ट यांनी १७८५ साली स्वायत्ततेला नीतिशास्त्राच्या केंद्रस्थानी बसविले, तेव्हा त्यांनाही 'वाटेल ते करण्याची मोकळीक' अभिप्रेत नव्हती. स्वतःच स्वतःला नियम घालून देणे आणि त्याला बांधील राहणे हा त्या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ त्यांनी जपला.

यावर कोणी विचारील की, माणसाला तरी त्याची उद्दिष्टे कोठून मिळतात? लहान मूल आईबापांकडूनच चांगले-वाईट शिकते. आक्षेप रास्त आहे. पण तेच मूल मोठे झाल्यावर मिळालेला वारसा तपासून पाहते. काही स्वीकारते, काही नाकारते, आणि चुकले तर रात्रभर तळमळते. ही तळमळ हेच उत्तरदायित्वाचे मूळ आहे. एजंटाच्या पडद्यावर 'क्षमस्व' अशी अक्षरे उमटतात. ती उमटविणाऱ्याचे मात्र काहीच गेलेले नसते. त्याची अब्रू जात नाही, मित्र दुरावत नाही, झोप उडत नाही. उद्या यंत्रे आणखी काय काय करू लागतील याविषयी पैजा मारण्याचे कारण नाही. ज्याला हिशेब विचारता येत नाही त्याला कारभारी म्हणता येत नाही, एवढे आज पुरेसे आहे.

पाठविणाऱ्याचे ओझे

हे सारे तत्त्वचिंतन हवेतले नाही, हे एका छोट्या खटल्यावरून दिसून येईल. कॅनडातील एका गृहस्थाची आजी २०२२ साली निवर्तली. अंत्यविधीसाठी जावयाचे म्हणून त्यांनी एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटला, म्हणजे प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या प्रणालीला, दुःखप्रसंगीच्या सवलतीविषयी विचारले. तिकीट काढल्यापासून ९० दिवसांच्या आत अर्ज करून सवलत मागता येईल, असे त्याने सांगितले. वास्तविक कंपनीच्या नियमानुसार प्रवासानंतर अशी सवलत मिळत नव्हती. प्रकरण ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणापुढे गेले तेव्हा कंपनीने घेतलेला पवित्रा न्यायाधिकरणाच्या शब्दांचा आशय पाहता असा होता की, चॅटबॉट जणू वेगळी कायदेशीर व्यक्ती असून आपल्या कृत्यांना तो स्वतःच जबाबदार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने हे म्हणणे फेटाळले. संकेतस्थळावर जे जे आहे त्याची जबाबदारी कंपनीची, असा निर्वाळा देऊन व्याज व खर्चासह सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर देण्यास तिला फर्मावले.

रक्कम किरकोळ होती, पण मोह किरकोळ नव्हता. यंत्राला 'स्वायत्त' म्हटले की त्याच्या पाठीमागे लपता येते, हाच तो मोह. आदामने हव्वेकडे बोट दाखविले आणि हव्वेने सर्पाकडे. त्या जुन्या कथेत आता आणखी एका पात्राची भर पडली आहे एवढेच.

दुसरे उदाहरण मोठ्या रकमेचे. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या कंपनीच्या शेअर-व्यवहार करणाऱ्या प्रणालीत बिघाड झाला. नवी आज्ञावली आठपैकी सात संगणकांवर चढविली गेली, आठव्यावर जुनीच राहिली. ग्राहकांच्या २१२ मागण्या पुऱ्या करता करता त्या प्रणालीने सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक ऑर्डरी बाजारात सोडल्या. नुकसान झाले ४६ कोटी डॉलरहून अधिक. चौकशीत एक गोष्ट उघड झाली. त्या सकाळी बाजार उघडण्यापूर्वीच प्रणालीने कर्मचाऱ्यांना त्रुटीचा उल्लेख असलेले ९७ संदेश पाठविले होते. ते धोक्याची घंटा म्हणून योजलेले नव्हते आणि कोणी त्यांची दखल घेतली नाही. यंत्र आपल्या परीने बोलत होते, ऐकणारा जागेवर नव्हता. २०१३ साली तेथील रोखे नियामक आयोगाने १ कोटी २० लाख डॉलरचा दंड केला, तो कंपनीला. आज्ञावलीला दंड करून काय उपयोग!

दुसऱ्याकरवी जो करवितो त्याने ते स्वतःच केल्यासारखे आहे, हे तत्त्व आपल्याला नवे नाही. पोप आठवे बोनिफेस यांनी १२९८ साली प्रसिद्ध केलेल्या धर्मनियमांच्या संग्रहात ते एक सूत्र म्हणून नोंदलेले आहे. परंतु या सूत्राचा आणखी एक पदर येथे उलगडून पाहिला पाहिजे. जेव्हा आपला प्रतिनिधी माणूस असतो, तेव्हा वाटेत दुसरा एक विवेक उभा असतो. मालकाने खोटे कागद करायला सांगितले तर गुमास्ता नाही म्हणू शकतो. गरीब कुटुंबाला रात्री घराबाहेर काढायला निघालेल्या मालकाचा कारभारी दारातून परत फिरू शकतो. त्याने हुकूम पाळला तर दोषाचा वाटाही त्याच्याकडे जातो. यंत्राच्या बाबतीत हा दुसरा दरवाजाच नसतो. काही एजंटांना विशिष्ट कामे नाकारायला शिकविलेले असते हे खरे. पण तो नकार निर्मात्याच्या विवेकातून आलेला असतो, यंत्राच्या नव्हे.

म्हणूनच सर्वसाधारण समजुतीच्या नेमके उलट घडते. यंत्र जसजसे स्वायत्त होते तसतशी माणसाची जबाबदारी कमी होते, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात मधला विवेक नाहीसा झाल्यामुळे सगळे ओझे उरलेल्या माणसांवर येते : ज्याने यंत्र घडविले त्याच्यावर, ज्याने ते कामाला लावले त्याच्यावर आणि ज्याने त्याच्याकडून काम करून घेतले त्याच्यावर. दोरी जितकी लांब सोडली तितके धन्याने अधिक जागे राहावयास हवे. अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ बेन श्नायडरमन यांनी १९९७ साली पॅटी मेस यांच्याशी झालेल्या जाहीर वादात हाच मुद्दा लावून धरला होता. कामाची सूत्रे माणसाच्या हाती राहिली पाहिजेत, म्हणजे त्याची जबाबदारीची जाणीवही शाबूत राहते, असा त्यांचा आग्रह होता.

काय सोपवावे, काय नाही

मग या एजंटांना घरात थारा देऊ नये काय? तसे नाही. ज्या माउलीला डोळ्यांनी दिसत नाही तिला पत्र वाचून दाखविणारा, शेतकऱ्याला हवामानाचा अंदाज वेळेवर कळविणारा, कारकुनाचे यांत्रिक कष्ट हलके करणारा साहाय्यक ही उपकारक वस्तू आहे. सोपविण्यापूर्वी तीन प्रश्न मात्र स्वतःला विचारावेत.

पहिला : चूक झाली तर ती निस्तरता येईल काय? चुकीच्या गाडीचे तिकीट रद्द करता येते. चुकीच्या औषधाचा घोट परत घेता येत नाही. दुसरा : चूक झाली तर भोगणार कोण? माझा पैसा मी धोक्यात घालणे वेगळे आणि नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या एखाद्या होतकरू मुलाचे भवितव्य न पाहता, न वाचता यंत्राच्या चाळणीत टाकून देणे वेगळे. ज्याचे नुकसान होणार त्याला, 'का?' असे विचारण्यासाठी एक माणूस समोर मिळाला पाहिजे. हा त्याचा हक्क आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे : हे काम दुसऱ्याने केले तर ते तेच काम राहते काय? ख्रिस्तसभेच्या कायद्यात मुखत्यारामार्फत विवाह करण्याची तरतूद आहे, हे अनेकांना ठाऊक नसेल. पण तिच्या अटी पाहण्यासारख्या आहेत. अधिकारपत्र विशिष्ट व्यक्तीशी विवाह करण्यासाठीच द्यावे लागते, मुखत्याराने ते काम जातीने पार पाडावे लागते, आणि विवाहापूर्वी मूळ व्यक्तीने आपला होकार मागे घेतला तर, मुखत्याराला त्याची वार्ता नसली तरीही, तो विवाह व्यर्थ ठरतो. म्हणजे ओठ दुसऱ्याचे असतील, पण होकार ज्याचा त्याचाच असावा लागतो. तो क्षणभरही गहाण ठेवता येत नाही. सांत्वनाचे पत्र, रुसलेल्या भावाला घातलेली साद, मुलाच्या चुकीवर बापाने काढलेला शब्द, आजाऱ्याची विचारपूस यांचे मोल त्यांतल्या भाषेच्या सफाईत नसते. कोणी तरी आपल्यासाठी वेळ मोडला, शब्द शोधताना अडखळला, यात ते असते. एजंटाने लिहिलेले सांत्वनपत्र निर्दोष असेल. पण ते कोणीच पाठविलेले नसते.

जून २०२४ मध्ये इटलीत भरलेल्या जी-७ राष्ट्रांच्या परिषदेत दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी एक मार्मिक भेद केला होता. यंत्र अनेक पर्यायांतून निवड करू शकते, निर्णय मात्र माणूस घेतो. कारण निर्णयात अंतःकरणही गुंतलेले असते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. निवड आणि निर्णय हे शब्द आपण सहसा एकाच अर्थाने वापरतो. यापुढे ते जपून वापरावे लागतील.

'उत्तरदायी' हा आपल्या भाषेतला शब्द फार बोलका आहे. जो उत्तर देतो तो उत्तरदायी. आज यंत्र कोणत्याही प्रश्नाला क्षणात उत्तर देते, आणि म्हणूनच हा भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे झाले आहे. प्रश्नाला उत्तर देणे निराळे आणि कृतीबद्दल उत्तर देणे निराळे. पहिले काम आपण एजंटाला खुशाल सांगावे. दुसऱ्यासाठी पुकारा होईल तेव्हा नाव आपलेच घेतले जाईल.